मंडईच्या पोस्टरवरचा माझा फोटो

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. एकेका गावाचा दिवस ठरलेला. लेकी-जावई येतात, सोयरेधायरे येतात, शिंगाडेवाले, ऊसवाले बसतात आणि रात्री वडशाकडच्या कंपनीचं नाटक. नाटकाचं पोस्टर आजूबाजूच्या गावांत लागलं की लोक पाहुणपणाची तयारी करायला लागतात. आमचं गाव तुमसरहून नाकाडोंगरीकडे जाताना लागतं. त्या गावाचं पोस्टर मी करायचो. नागपूरला शिकलो, नोकरी धरली नाही, तुमसरात झेरॉक्सच्या दुकानामागे खोली घेऊन स्वतःचं डिझायनिंग सुरू केलं, तेव्हापासून.

खोटं कशाला बोलू, त्या पोस्टरपायी माझं डोकं उठायचं. कंपनीला बोलावणारं गावचं नाटक मंडळ हे माझं सगळ्यात लहान गिऱ्हाईक, पण यायचं अख्खं. चार जण माझ्या खुर्चीमागे उभे, दोघं पलंगावर, एक दारात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत. वर नाटकाचं नाव, मधे नायिकेचा फोटो आणि खाली मंडळातल्या यच्चयावत लोकांचे चेहरे. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सारं गाव काका म्हणतं, ते स्क्रीनला नाक लावून बघायचे.

"माहा फोटो लहान काहून दिसून राहिला?"

"काका, सगळे सारखेच आहेत."

"मंग त्याचा मोठा कसा दिसते?"

"त्यांचं डोकंच मोठं आहे, काका."

असं म्हटलं की सगळे खो-खो हसायचे आणि ज्याचं डोकं मोठं तो सगळ्यांत जास्त. मग कोणीतरी म्हणायचं, "जागा हाये ना बाबू, फोटो थोडा ओढ." इथे मात्र मी ऐकत नसे. लाल-पिवळी अक्षरं घाला, नायिकेच्या मागे सूर्य उगववा, काय वाट्टेल ते करा, पण माणसाचा चेहरा मी ओढणार नाही. नाक कानापर्यंत गेलेला माणूस मला बघवत नाही. काका बाहेर जाऊन सांगायचे, "पोरगा आयकत नाई बाप्पा." पण सांगताना छाती फुगलेली असायची.

आमच्या गावची एक रीत आहे. छापून आलेलं पहिलं पोस्टर मारुतीच्या पारावर ठेवायचं, कोपऱ्याला हळदकुंकू लावायचं आणि ज्यानं ते केलं त्याच्या हातून नारळ फोडायचा. पूर्वी हाताने पोस्टर रंगवणारा पेंटर फोडायचा. तो गेला, मग मी. एरवी मी काय काम करतो हे गावात कोणाला धड सांगता येत नसे. माझी आईसुद्धा "कंपुटरवर बसते" एवढंच सांगायची. वर्षातून एकदा तो नारळ हातात यायचा आणि मग कोणाला काही सांगावं लागत नसे. मी तुमसरात टिकून होतो तो त्याच्या जोरावर. ही गोष्ट मला तेव्हाही कळत होती, आणि तरीही मी पुढचा शहाणपणा केला.

पुण्याची एक मोठी कंपनी आली. पाकिटबंद तांदूळ विकणारी. तिथल्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "आम्हाला एकदम मातीतलं काहीतरी हवंय, ऑथेंटिक." अट एकच होती, लाँच होईपर्यंत दुसरं किरकोळ काम घ्यायचं नाही, बोलावलं की हजर पाहिजे. आणि ते सगळं नेमकं दिवाळीच्या तोंडावर. किरकोळ! तो शब्द तेव्हा मला लागलासुद्धा नाही. मी काकांना फोन केला, म्हटलं यंदा जमत नाही.

"मोठी कंपनी हाये का?"

"हो काका. पुण्याची."

"मंग कर ना बाबू. आमचं काय, होऊन जाते."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "आता मोठा झाला का बे" म्हणाले असते तर मी भांडलो तरी असतो. फोन ठेवला आणि स्वतःला सांगितलं की एक वर्षाचा तर प्रश्न आहे.

मातीतलं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मी मंडईच्या पोस्टरची अक्षरं काढली, जाडजूड, मागे सावली, लालावर पिवळी. मॅडम म्हणाल्या, "सुपर्ब!" मग रोज मीटिंग. कोणी कॅमेरा लावत नसे. काळ्या चौकोनांशी मी बोलायचो आणि एकेक चौकोन म्हणायचा, "थोडं क्लीन करू या का?" सावली गेली. मग लाल गेला. मग पिवळाही फिका झाला. इथे आलुबोंडे खात भांडणारं कोणी नव्हतं, माझा फोटो लहान का म्हणून विचारणारं कोणी नव्हतं. चिडायचं म्हटलं तरी कोणावर चिडणार? सगळे इतके गोड बोलत की अंगाची आग व्हायची.

आणि एक दिवस मेल आला. आतापर्यंतच्या सहकार्याबद्दल आभार, यापुढचं काम आमची इथलीच टीम करेल. पैसे लगेच दिले, ते सांगायलाच हवं. त्यामुळे धड शिव्याही देता येत नाहीत. मी मॅडमना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. मग मी बावळटासारखा "थँक यू" लिहून मेल पाठवला. स्वतःचाच इतका राग आला की दिवसभर जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. "पोस्टर आलं, पूजा हाये, येशील का?" मला वाटलं, काहीतरी बिघडलं असणार. अक्षर चुकलं असेल, फोटोंवरून कोणी रुसलं असेल. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि गाडी काढली. रस्त्याने मी खुशीत होतो, अगदी गाणं म्हणत गेलो. म्हटलं, बरं झालं, सुटलो त्या चौकोनांतून.

पारावर सगळं मंडळ जमलं होतं. पोस्टर तुमसरच्या फ्लेक्सवाल्याने आपल्या मोबाईलवरच करून दिलं होतं. बिघडलं काहीच नव्हतं. म्हणजे माझ्या लेखी सगळंच बिघडलं होतं. झाडून सगळे चेहरे ओढलेले, काकांचे गाल भोपळ्यासारखे. पण सगळे खूश. आणि वर, नायिकेच्या बाजूला, साऱ्यांपेक्षा मोठा फोटो माझा. कोणाच्या तरी लग्नातला, जागा भरेपर्यंत ताणलेला. खाली लिहिलं होतं: नाटकाचे उद्घाटक, गावाचे भूषण, सुप्रसिद्ध डिझायनर, पुणे.

"कसा झाला?" काका म्हणाले. "तुले मुद्दाम सांगितलं नाई."

"काका, मी तुमसरात राहतो."

"ते मले माहीत नाई का? पर पुणे लिहिलं का वजन येते."

कंपनीने मला हाकललं, हे तिथेच सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी इतकंच म्हणालो, "पुढच्या वर्षी पोस्टर मी करतो."

काका हसले. सगळेच हसले, प्रेमाने. "आता तू थोडीच हे करशील! तुले सांगाची आमालेच लाज वाटते." आणि काकांनी खांद्यावर हात ठेवून मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. हातातल्या पिशवीत लॅपटॉप आहे, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

नारळ फ्लेक्सवाल्याच्या हाती दिला. त्याने एका घावात फोडला. मग काकांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि मलाही नारळ दिला. सत्काराचा. तो फोडायचा नसतो, घरी न्यायचा असतो.

टाळ्या वाजल्या. शेजारच्या आळीतली आजी, जिने मला उघडा फिरताना पाहिलंय, ती पुढे आली, पोस्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पुन्याहून कवा आला गा?"

"सकाळी," मी म्हणालो.