परदेशी गेलेली कडबाकुट्टी

नोव्हेंबरात आम्हा निवृत्त माणसांना बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं लिहून द्यावं लागतं. पारनेरच्या बँकेत मी हयातीच्या दाखल्यावर सही करत होते आणि फोन वाजला. माझ्या धाकट्या दिरांची मुलगी मनीषा बोलत होती. "काकू, अप्पा गेले," एवढंच म्हणाली. दुपारी जेवले, ताक प्यायले, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, सही अर्धीच झालीय." मी ती पूर्ण केली. आता सहा आठवडे होऊन गेले, तरी ती सही आठवली की डोळे भरतात आणि थोडं हसूही येतं. भाऊजींना हे सांगता आलं असतं, तर ते मांडीवर थाप मारून म्हणाले असते, "बरं झालं वहिनी, घरातलं येक तरी मानूस कागदावर जित्तं राह्यलं!"

रंगनाथभाऊजींचं नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये ते कडबाकुट्टी बनवायचे, म्हणजे जनावरांचा चारा बारीक कापायचं यंत्र. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा ते आयटीआयला होते. मी पुढे पारनेरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवू लागले आणि ते एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटले. माझ्या सासूबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं अशाच एका कुट्टीत गेली होती. तो प्रसंग मी पाहिलेला नाही, पण त्या भाकरी थापायच्या तेव्हा पिठावर तीनच बोटांचे ठसे उठायचे. घरात कुणी त्याबद्दल बोलत नसे. भाऊजीही बोलले नाहीत. नोकरीची बरीच वर्षं काढून त्यांनी स्वतःची शेड टाकली आणि पहिलं यंत्र बनवलं, त्याच्या तोंडावर पत्र्याचा गार्ड होता आणि शेजारी एक लांब दांडी. हात पुढे ओढला जातोय असं वाटलं की अंगानेच दांडीला धक्का द्यायचा, चारा आत ओढणारे रोलर उलटे फिरतात आणि हात मोकळा होतो. पहिल्यांदा ती दांडी सासूबाईंनीच दाबून पाहिली. दोनदा, तीनदा दाबली. मग म्हणाल्या, "आदी का न्हाई केलं रं?" आणि आत निघून गेल्या. भाऊजी बराच वेळ यंत्र पुसत बसले होते...

असंच एक यंत्र हिवरे बाजारातल्या एका गोठ्यात होतं. ते गाव पाहायला देशोदेशीची माणसं येतात, तशीच एक परदेशी तुकडी आली होती आणि तिच्यात एक पशुवैद्य होते. त्यांच्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही आणि त्यांचंही नाही, कारण ते अजून तिथेच राहतात. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायचो. बाकीची मंडळी बंधारे पाहत होती आणि हे गोठ्यात वाकून दांडी मागेपुढे करत होते. यंत्र कुणी बनवलं असं विचारत ते दुसऱ्या दिवशी सुप्याच्या शेडवर हजर झाले. दुभाषी म्हणून भाऊजींनी मला बोलावून घेतलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बायकांची एक दूध संस्था उभी केली होती, एकेकीकडे दोन-तीन गाई, आणि चारा कापायचा विळ्याने. जाऊबाईंनी हुलग्याचे शेंगोळे केले होते. डॉक्टरांनी तीनदा मागून घेतले आणि वाटीतला रस्सा पिऊन टाकला. भाऊजी मला म्हणाले, "त्यास्नी सांगा, मानूस आपलंच दिसतंय." मी ते इंग्रजीत कसंबसं सांगितलं. डॉक्टर मनापासून हसले. पुढची काही वर्षं सुप्याहून यंत्रं जात राहिली, त्यांच्यामागून पाती जात राहिली. पातं झिजतं, ते बदलावं लागतं. डॉक्टर फोटो पाठवायचे. गुडघाभर चिखलात उभ्या बायका आणि मधे आपलं सुप्याचं हिरवं यंत्र.

मग त्या देशात लष्कराने सत्ता घेतली.

आपल्याकडे ही बातमी आतल्या पानावर आली आणि गेली. डॉक्टरांचा फोन लागेना. त्याच सुमारास पारनेरच्या व्याख्यानमालेत मला बोलावलं होतं आणि मी विषय निवडला, 'हुकूमशाहीशी व्यापार करावा का?' आयुष्यभर शिकवलेला विषय होता. मी ठणकावून सांगितलं की असल्या राजवटींशी व्यवहार करणं म्हणजे त्यांच्या बंदुकीत दारू भरणं, सगळ्या देशांनी मिळून निर्बंध घालावेत, मालाची देवघेव थांबवावी, थोडा त्रास होईल पण राजवट वाकेल. टाळ्याही बऱ्या पडल्या. मग प्रश्नोत्तरांत शेवटच्या रांगेतून भाऊजी उठले. घरात मला वहिनी म्हणणाऱ्या माणसाने माइक हातात घेऊन म्हटलं, "मॅडम, येक शंका हाय. कुट्टीचं पातं पाठवायचं का न्हाई?"

लोक हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "न्हाई, खरंच इचारतो. राजा वाईट हाय, मान्य. पर गाईला कुठं पक्ष आस्तो?" मी काहीतरी उत्तर दिलं. व्यापक हित, दीर्घकालीन परिणाम असे शब्द वापरले होते, एवढं आठवतं. ते "बरं" म्हणून खाली बसले.

काही महिन्यांनी एक मोठी ऑर्डर आली. शेड सुरू झाल्यापासून इतकी मोठी ऑर्डर कधी आली नव्हती. त्या देशातल्या एका नव्या कंपनीने दूध संस्था ताब्यात घेतली होती आणि तिला सगळ्या जिल्ह्यांत वाटायला यंत्रं हवी होती. सोबत आणखी एक मागणी होती. तुम्ही पत्र्याचं आणि पाइपचं काम करता, तर रस्त्यावर लावायचे लोखंडी बॅरिकेडही बनवून द्याल का? भाऊजींनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. शेडमधली माणसं खूश होती. शेजारची जागा घेऊन दुसरी शेड टाकायचं बरेच दिवस मनात होतं, ते आता जमणार होतं. बॅरिकेडचं त्यांनी तिथल्या तिथे मिटवलं. "ती आपन बनवत न्हाई." पण कुट्टीवर ते अडले. मी म्हटलं, "भाऊजी, कंपनी लष्कराचीच आहे, सरळ नाही म्हणा." ते म्हणाले, "कंपनी कुनाची का आसंना, मशीन शेवटी गोठ्यातच जानार. आपल्या चिडीपायी त्या बायांनी इळ्यानं चारा कापत बसायचं व्हय?" आमची त्या दिवशी चांगली जुंपली. जाऊबाई चहा घेऊन आल्या आणि तो तसाच परत घेऊन गेल्या.

उत्तर डॉक्टरांकडूनच आलं. दुसऱ्या देशात राहणाऱ्या त्यांच्या भावाने फोन जोडून दिला. डॉक्टरांना मधे काही आठवडे अटक झाली होती. आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. ती कंपनी यंत्रं वाटणार होती, पण ज्या बायका नव्या सरकारला पाठिंबा असल्याच्या कागदावर अंगठा देतील त्यांनाच. ज्यांची मुलं मोर्चात गेली त्यांची नावं यादीतून काढली होती. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. भाऊजी जमिनीकडे बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गाईला पक्ष नस्तो म्हनलो हुतो मी. ह्यांनी तर मशीनलाच पक्ष दिला." त्याच दिवशी त्यांनी ऑर्डर नाकारल्याचं पत्र माझ्याकडून लिहून घेतलं. दोन ओळींचं. कारण लिहू दिलं नाही, डॉक्टरांवर बालंट येईल म्हणाले.

खरं सांगायचं तर मला जिंकल्यासारखं वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं, "म्हणजे अखेर निर्बंधच घातलेत की तुम्ही!" भाऊजींनी माझ्याकडे जरा थकून पाहिलं. म्हणाले, "वहिनी, आदी गेलेल्या मशीनी हायेत ना तिथं. त्यांची पाती आता झिजली आसतील. बोथट पातं कापत न्हाई, वढतं. चारा वढतं, चाऱ्याबरूबर हात वढतं." पिठावरचे ते तीन ठसे आम्हा दोघांनाही दिसत होते.

पण पाती पाठवायची कशी? मोठ्या देशांनी तोवर निर्बंध घातलेच होते, मी भाषणात मागितले होते अगदी तसे. बँका त्या देशाचं नाव ऐकताच कागद परत करत होत्या. माल नेणारे हात वर करत होते. बॅरिकेड त्या सरकारला दुसरीकडून कुठून तरी मिळालेच असणार, पण पात्यांचं एक खोकं सुप्याहून हलत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच विषयाची दुसरी बाजू हातात धरून पाहिली आणि ती वजनदार होती.

तोड भाऊजींनी काढली. एका रविवारी शेडवर बोलावलं. फरशीवर खडूने पात्याचं चित्र काढलेलं, अगदी खऱ्या मापाचं. शेजारी ट्रकचा मोडका कमानपाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी. "ट्रक तर सगळ्या देशात मोडत्यात," ते म्हणाले. "लोहार बी सगळीकडं आसतो. आपन पातं न्हाई पाठवायचं, करायची रीत पाठवायची." मनीषा मोबाईलवर चित्रण करू लागली. पाटा कसा तापवायचा, कुठे वाकवायचा, धार कोणत्या बाजूने काढायची, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे पात्याला पाणी कसं द्यायचं, तापलेलं पोलाद कोणत्या रंगाला आलं की बुडवायचं. मी शेजारी उभी राहून सोप्या इंग्रजीत सांगत होते. तो रंग इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली. भाऊजी म्हणाले, "पिकल्या जांभळासारका म्हना." मी म्हटलं, त्यांच्याकडे जांभूळ असेल का? मग तीन रविवार आम्ही रंगच दाखवत बसलो. गार्ड आणि दांडी कशी बसवायची तेही शेवटी घातलं. मनीषाने एकदाच विचारलं, "अप्पा, आपलं डिझाईन आपणच फुकट वाटायचं?" ते म्हणाले, "माज्या आईनं बोटं दिली तवा सुचलं ते. इकत घेतलं नव्हतं." चित्रण डॉक्टरांच्या भावाकडे गेलं आणि तिथून कसं कुठे पोहोचलं ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही. पण काही महिन्यांनी एक फोटो आला. काळं, ओबडधोबड, पण धार बरोबर लागलेलं एक पातं. भाऊजींनी तो मोठा करून करून पाहिला आणि म्हणाले, "पानी जरा कमी पडलंय. पर चालंल."

दुसरी शेड झाली नाही. दोन कारागीर वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यात गेले आणि त्यांचं बरंच झालं. बाकीची माणसं आजही तिथेच आहेत, आसपासच्या गोठ्यांचीच कामं पुरून उरतात. ते चित्रण कुणाकुणाच्या हाती फिरलं असावं, कारण एक दिवस मनीषा रागारागाने सांगत आली की नगरला एका दुकानात अगदी आपल्यासारखं यंत्र विकायला ठेवलंय. भाऊजी मुद्दाम बघायला गेले. परत आले ते खुशीत. "गार्ड लावलाय त्येनं. दांडी बी हाय. मग आसू दे."

आमचा वाद मात्र मिटला नाही, आणि तो मिटला नाही याचं मला आज फार समाधान वाटतं. माझे यजमान गेल्यापासून भाऊजी दर गुरुवारी पारनेरला माझ्याकडे डोकावायचे, आणि परराष्ट्र धोरणावर इतक्या आवडीने भांडणारा दुसरा कुणी मला कॉलेजातही भेटला नाही. शेवटच्या गुरुवारी म्हणाले, "वहिनी, तुमचं निर्बंध म्हंजे वावराचं पानीच बंद करनं. तन वाळतं, पीक बी वाळतं." मी म्हटलं, "आणि तुमचं पाणी सोडलं तर आधी तणच पितं, भाऊजी." त्यांनी मान डोलवली. "व्हय, ते बी खरं हाय..." जाताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "म्हंजे वाफा बघून पानी द्यायला पायजे. पर तेला वाफ्यापतूर चालत जावं लागतं. लांबून न्हाई कळत." ते लष्करी सरकार अजून तिथे आहे. डॉक्टर अजून गाई तपासतात. भाऊजी गेल्याचं कळवलं तेव्हा त्यांचा निरोप आला, की गावातल्या बायकांनी त्या दिवशी पहिलं दूध काढून बाजूला ठेवलं आणि लहान मुलांना वाटलं.

मागच्या आठवड्यात मी शेडवर गेले होते. मनीषा आता वडिलांच्या टेबलावर बसते. नव्या मागण्यांची फाईल तिने माझ्यापुढे सरकवली. भाऊजींनी मागणीच्या छापील कागदावर, माप आणि मोटर यांच्याही वर, एक ओळ घालून घेतली होती, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. 'मशीन कोण चालवणार? नाव व गाव.' ती ओळ भरल्याशिवाय ते भाव सांगायचे नाहीत. मी पानं उलटत गेले. 'आई, राळेगण.' 'मी स्वतः.' 'बायको, डावखुरी आहे,' आणि त्याच्यापुढे भाऊजींच्या अक्षरात, 'दांडी डावीकडे.' सगळ्यांत वर परदेशातून आलेली एक नवी मागणी होती. तिथलंही सरकार काही फार बरं नाही. ती ओळ तेवढी कोरी होती. मनीषा म्हणाली, "काकू, काय करू? पाठवू भाव?" मी काही बोलायच्या आतच तिने मान हलवली, कागद पुढे ओढला आणि टाइप करायला घेतलं, "कृपया पहिली ओळ भरून पाठवा."

चार दिवसांनी उत्तर आलं. नाव एका बाईचं होतं. गाव मला नकाशात सापडलं नाही, पण बाईने खाली लिहिलं होतं की तिची उंची कमी आहे, दांडी जरा खाली बसवता येईल का? मनीषाने टेप काढला आणि माप घ्यायला सुरुवात केली.