चमचाभर केफिरचे दाणे

चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या काकांच्या हाती घरात मात्र जिवंत असं काही कुणी सोपवत नसे. कुंडीतलं रोप, मुलीचे लहानपणचे मासे, सगळ्यांनी त्यांच्या देखरेखीखाली गाशा गुंडाळला होता. त्यामुळे मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने जाताना बायकोने केफिरची बरणी त्यांच्याकडे दिली ती निव्वळ नाइलाजाने.

"रोज दाणे गाळायचे, ताजं गार दूध घालायचं, चोवीस तास ठेवायचं. आणि तुम्ही डोकं लावू नका."

फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे दिसणारे ते पांढरे, रबरी दाणे तिने सात वर्षं जपले होते. त्यांच्यात आंबलेलं ताकासारखं दूध, म्हणजेच केफिर, ती रोज सकाळी प्यायची.

चौथ्याच दिवशी घोटाळा झाला. काकांनी तापलेलं दूध तसंच बरणीत ओतलं. काचेचा चटका बसला तेव्हा भानावर आले. घाईघाईने दाणे गाळून गार दुधात टाकले, पण दुसऱ्या दिवशी दूध जसंच्या तसं, आणि तिसऱ्या दिवशी नासलेलं.

फोनवर त्यांनी खरं ते सांगून टाकलं.

बायको म्हणाली, "जाऊ द्या, टाकून द्या. मला माहीतच होतं."

ते 'माहीतच होतं' काकांना झोंबलं. उघडून पाहिल्याशिवाय त्यांनी आजवर एकही लिफ्ट निकामी ठरवली नव्हती. त्यांनी दाणे बशीत पसरले, चष्मा चढवला. बरेचसे पिवळे पडून बोटांत चुरत होते. चमचाभर मात्र अजून लवचीक होते. एवढ्याशा जिवांवर बरणीभर दुधाचा भार कशाला? कपभरच दूध घेतलं, वर कापड बांधलं आणि कप जिन्याखालच्या गार कपाटात ठेवला. रोज जुनं दूध फेकायचं, नवं घालायचं.

सहा दिवस काहीच हललं नाही.

"काका, किती दूध वाया घालवाल?" शेजारच्या नर्सबाईंनी विचारलं.

"तुम्ही पेशंटला सहाव्या दिवशी घरी पाठवता का, बरा झाला नाही म्हणून?"

सातव्या दिवशी कप तिरका केला, तर दूध जाडसर, संथ सरकलं. आंबूस वास आला. काकांनी चमचाभर चाखलं आणि तिथेच जिन्याखाली फतकल मारून एकटेच हसत बसले.

मग दाण्यांनी जोर धरला. महिनाभरात बरणी भरली, पाठोपाठ दुसरी. नर्सबाईंनी नेले, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी नेले, आणि दूध बिघडलं की दोघंही काकांचंच दार ठोठावू लागले.

बायको परतली तेव्हा काकांनी पेला तिच्यापुढे ठेवला. तिने घोट घेतला, थांबली.

"कुठून आणलेत?"

"तुझेच आहेत."

तिने पेला रिकामा केला. मग पर्समधून मैत्रिणीकडून मागून आणलेली नव्या दाण्यांची डबी काढली आणि त्यांच्याकडे सरकवली.

"हे कुणाला तरी देऊन टाका. आणि कसे सांभाळायचे, ते तुम्हीच समजावून सांगा."