भाजलेली वाळू

महिपती गवारी माणूस म्हणून वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दारूला शिवला नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही, कुणाचा बांध कोरला नाही. लोणावळ्याजवळच्या औंढ्यात कुणालाही विचारा, देवमाणूस होता असंच सांगतील. देवमाणसाच्या बायकोला मात्र कुणी काही विचारत नाही.

हा महिपती इंजिन चालवायचा. मोठ्या रेल्वेचं नव्हे. औंढ्याच्या वर डोंगरात एका शेठची खडीची खाण होती, तिथून खाली सडकेपर्यंत अरुंद रूळ टाकलेले होते, त्या रुळांवरचं बुटकं डिझेल इंजिन. लढाईच्या आधी विलायतेहून आलेलं. काळंकभिन्न, आणि सुरू होताना असं फुरफुरायचं की वाडीनं त्याचं नाव ठेवलं रेडा. महिपतीला ते नाव अजिबात खपायचं नाही. तो 'आपलं इंजिन' म्हणायचा, आणि त्यातलं 'आपलं' जरा लांबवून म्हणायचा.

पन्नास सालानंतर खाण संपली. दगड काढता काढता खाली पाणी लागलं आणि तिथं मोठा डोह झाला. शेठ हुशार. त्यानं डोहाच्या काठावर बंगला बांधला, खडी वाहायच्या दोन उघड्या वाघिणींना बाकं ठोकली, आणि मुंबईचे पाहुणे पावसाळ्यात त्यात बसवून धबधबे दाखवत वर न्यायला लागला. मोटारीनं वर जाता आलं असतं, पण मोटार त्या लोकांच्या घरीही होतीच. जुनं इंजिन नव्हतं.

त्या इंजिनाचे सुटे भाग मिळायचे केव्हाच बंद झाले होते. मग महिपतीच त्याचा वैद्य, तोच लोहार. गावच्या चांभाराकडून कातडं आणून त्याचे वायसर कापायचा. तांब्याचे वायसर हवे झाले तेव्हा मुक्ताबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, माहेरहून आलेलं तपेलं कापलं. तिनं ते घरभर शोधलं, शेजारणीवर आळसुद्धा घेतला. शेवटी हा शांतपणे म्हणाला, ते इंजिनात गेलं. देवळात दिलं असावं तसं म्हणाला. मुक्ताबाईनं कपाळाला हात लावला आणि मातीच्या गाडग्यात कालवण शिजवलं.

पण तपेल्याचं काय, ते एकदाच गेलं. वाळूचं तसं नव्हतं.

लोणावळ्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने आभाळ जमिनीला टेकलेलं. रूळ शेवाळल्यासारखे निसरडे होतात आणि चढाला चाक जागच्या जागी गरगरतं. त्यासाठी इंजिनाला वाळूच्या पेट्या असतात. दांडी ओढली की नळीतून वाळू थेट चाकापुढं पडते आणि चाक रूळ धरतं. मात्र वाळू कोरडी ठणठणीत हवी, नाहीतर नळीतच तिचा गोळा बसतो. एका श्रावणात नेमकं तेच झालं. कड्याच्या वळणावर चाकं फिरली, वाळू पडेना, आणि पाहुण्यांनी भरलेली गाडी मागं घसरली. महिपतीनं ब्रेकवर अंग टाकून ती थांबवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण बायका किंचाळल्या आणि एका साहेबाची टोपी दरीत गेली. शेठनं सांगून टाकलं, पुन्हा एकदा घसरलं तर भंगारवाल्याला देईन.

त्या दिवशी महिपती ओल्या वाळूचं घमेलं घेऊन घरी आला. खाणीच्या चाळीत त्यांची एक खोली होती. घमेलं चुलीपाशी ठेवून म्हणाला, "मुक्ते, आजच्या दिवस एवढी भाजून दे."

तो आजचा दिवस बारा-तेरा वर्षं चालला.

लोक वाळूत लाह्या भाजतात, शेंगा भाजतात. मुक्ताबाई वाळूच भाजायची. मोठ्या कढईत हलवत बसायचं, रंग पालटेपर्यंत. मग मैद्याच्या चाळणीनं चाळायची, म्हणजे खडा राहत नाही, आणि रॉकेलच्या रिकाम्या डब्यात भरून झाकण घट्ट लावायचं. शेजारच्या वाडीतली रतनबाई दारात येऊन विचारायची, मुक्ते, मीठ टाकलंस का गं? सुरुवातीला मुक्ताबाईही हसायची. म्हणायची, नवरा वाळूवर खूश हाय बाई, माझं बेसनाचं पीठ वाचलं.

बाहेर धो धो पाऊस, म्हणजे दार लावूनच हे सगळं करावं लागे. दार उघडलं की वाळू पुन्हा दमट. चाळताना पिठाहून बारीक धूळ उडायची ती त्या एवढ्याशा खोलीत कोंडायची. भाकरीत कचकच, गोधडीत कचकच. मुक्ताबाईच्या भुवया संध्याकाळी म्हातारीसारख्या पांढऱ्या दिसत. महिपती मात्र डबे नेऊन पेट्या भरायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, आपलं इंजिन घसरत न्हाई सायेब. पाहुणे त्याच्या पाठीवर थाप मारायचे. थाप घेऊन तो घरी यायचा.

दोन-तीन पावसाळे गेल्यावर मुक्ताबाईनं तिचं मागणं सांगितलं. फार नव्हतं. खोलीच्या मागच्या भिंतीला चार जस्ती पत्रे टेकवून पडवी काढायची, तिथं चूल मांडायची. डोक्यावर पाऊस नको आणि धूळ वाऱ्याबरोबर ओढ्याकडे निघून जाईल. एवढंच. पण चाळ शेठची, जागा शेठची, तेव्हा विचारल्याशिवाय खुंटीसुद्धा ठोकता यायची नाही. पत्रे विकत घेणं तर लांबच.

आता विचारायला काय अडचण? अडचण तर नव्हतीच, उलट सोय होती. खंडेनवमीला शेठ स्वतः यायचा. इंजिन धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ वाढवायचा, आणि मग शेठ महिपतीच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचा, बोल महिपती, यंदा काय देऊ? शेठच्या बापापासूनची ती रीत. ड्रायव्हरनं एक मागायचं आणि शेठनं द्यायचं. शेठनं कधी नाही म्हटलं नव्हतं.

पहिल्या वर्षी मुक्ताबाईनं सकाळी महिपतीला टिळा लावताना बजावलं, आज पत्रे मागा. तो वाटेनं घोकत गेला. शेठचा हात खांद्यावर पडला, महिपतीनं तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते ब्रेकचे गुटके. ब्रेकचे गुटके मिळाले. पुढच्या वर्षी काळा रंग मिळाला. त्याच्या पुढच्या वर्षी नवा दिवा. मग ग्रीसचे डबे. दर साली घरून पत्रे घेऊन निघायचा आणि इंजिनापाशी पोचेस्तोवर ते गळून जायचे.

का, तर इंजिनासाठी मागताना त्याला कधी लाज वाटली नाही. ते मागणं हक्काचं, त्यात त्याची छाती फुगायची. आणि घरासाठी मागायचं म्हटलं की हातात कटोरा घेतल्यासारखं वाटायचं. बायकोसाठी चार पत्रे मागितले तर शेठ काय म्हणेल, मॅनेजर दीनानाथ काय म्हणतील? काहीही म्हणाले नसते. पण हे कळायला आधी विचारावं लागतं ना!

मुक्ताबाईला खोकला लागला. आधी पावसाळ्यापुरता, मग दिवाळीपर्यंत, मग बारमाही. विहिरीवरून हंडा आणताना ती तीनदा टेकायला लागली. एका खंडेनवमीला तिनं टिळा लावला आणि काहीच बजावलं नाही. ते महिपतीच्या जिव्हारी लागलं. त्या वर्षी शेठनं विचारलं तेव्हा तो मान खाली घालून कसाबसा म्हणाला, पत्रे, चार, घराला. शेठ हसला. म्हणाला, एवढंच होय? आठवड्यात पत्रे आलेसुद्धा.

मुक्ताबाईनं ते पदरानं पुसून भिंतीशी उभे केले. इतकी वर्षं लागली ती मागायला. आता लावायला काय, चार वासे आणि एक सुट्टीचा दिवस. पण भात काढणी आली. मग इंजिन उघडायचं होतं. मग थंडीत घाई कसली, पाऊस तर लांब आहे. असं करता करता वैशाख आला, वळवाचं वादळ झालं आणि इंजिनावरची ताडपत्री टराटरा फाटून ओढ्यात गेली.

आता काय झालं असेल ते सांगायला नकोच, पण सांगतो. महिपतीनं पत्रे उचलले आणि इंजिनावर छप्पर घातलं. यंदाच्या पावसापुरतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मशीन आहे, पाणी गेलं तर जाम होईल, मग सगळ्यांचंच पोट जाईल. माणसाचं काय, माणूस सोसतं. तसं पाहिलं तर ताडपत्री फाटायची ती काही पहिली वेळ नव्हती. आजवर धुराड्यावर डबा उपडा घातला आणि पोटावर गोणपाट टाकलं की भागत आलं होतं. पण हाताशी कोरे करकरीत पत्रे होते.

दुपारी मुक्ताबाई त्याची भाकरी घेऊन आली. तिनं वर पाहिलं. महिपतीनं बोलणं तयार ठेवलं होतं. ती ओरडेल, मग तो पोटापाण्याचं सांगेल, पुढच्या साली नक्की म्हणेल. ती ओरडली नाही. "चांगले बसल्यात," म्हणाली, भाकरी ठेवली आणि हळूहळू उतार उतरून गेली. महिपती चक्क हलका झाला. आपली बायको समजूतदार आहे, असं वाटून त्यानं दोन घास जास्त खाल्ले. त्या दोन घासांचा पुढं त्याला फार राग आला.

आषाढात ती पडली. झोळी करून लोणावळ्याला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडाला धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, बाई खाणीत दगड फोडायला होत्या का? महिपती म्हणाला, न्हाई जी, घरीच असती. खोटं नव्हतंच ते. डॉक्टर चक्रावले. म्हणाले, छाती दगडाच्या धुळीनं भरली आहे, आता औषधाचा उपयोग नाही, धुळीपासून लांब ठेवा. महिपतीनं टोपी हातात चुरगाळत विचारलं, कसली धूळ? माहीत असून विचारलं.

घरी आणल्यावर तो तिच्या उशाशी बसला. म्हणाला, उद्या पत्रे काढून आणतो, पडवी घालतो. मुक्ताबाईला एका दमात वाक्य पुरं करता येत नव्हतं. तरी तिनं ते पुरं केलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली, "आता भाजायचं कुनाला हाय?"

श्रावण लागायच्या आत ती गेली.

कोपऱ्यात तिनं भाजलेल्या वाळूचे डबे होते. दिवसकार्य उरकून महिपती कामावर गेला तेव्हा त्यानं तेच पेट्यांत ओतले. दुसरं काय करणार होता? पाहुणे बसले, गाडी कड्याच्या वळणाला आली, त्यानं दांडी ओढली, वाळू सरसर पडली आणि इंजिन घसरलं नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. महिपतीनं पहिल्यांदाच मागं वळून पाहिलं नाही.

मग डबे संपले. मॅनेजर दीनानाथांपुढं प्रश्न पडला. ते म्हणाले, वाडीतली एखादी बाई बघ, तिला रोजाचे पैसे देऊ. म्हणजे हे काम रोजाचं होतं, हे त्या दिवशी कळलं. रतनबाईला बोलावणं गेलं. ती चाळीत आली, खोलीत डोकावली, कढई पाहिली, काळी पडलेली भिंत पाहिली आणि कमरेवर हात ठेवून दीनानाथांसमोर उभी राहिली.

"हितं कोंडून मी भाजनार न्हाई सायेब," ती म्हणाली. "मुक्ती कशानं गेली ते म्या बघितलंय. मागल्या अंगाला पडवी घाला, पत्रे टाका, मग वाळूला हात लावीन. न्हाईतर तुमी भाजा."

आता मॅनेजर काय म्हणतात, म्हणून महिपती त्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. दीनानाथांनी घड्याळाकडे पाहिलं. पाहुणे यायचे होते. म्हणाले, "बरोबर आहे तिचं. महिपती, इंजिनावरचे पत्रे काढून आण आणि इथं ठोकून टाक."

झालं. इतक्या वर्षांचं काम एवढ्यात झालं. रतनबाईनं जाता जाता महिपतीला ऐकवलं, भीड भिकेची बहीण असती भाऊ, आन तुमची भीड तुमी तिला भोगायला लावली.

त्यानं स्वतःच्या हातानं पत्रे उतरवले. स्वतःच वासे रोवले, खिळे मारले. दुपारपर्यंत पडवी उभी राहिली, चार वासे आणि अर्धा दिवस. संध्याकाळी तिथं चूल पेटली.

रात्री पावसानं झोडपून काढलं. सकाळी इंजिन उघड्यावर निथळत उभं होतं, धुराड्यावर उपडा डबा, पोटावर गोणपाट. सुरू व्हायचं नाही, अशी महिपतीची खात्री होती. खरं तर तशी आशाच होती. ते जाम झालं असतं तर त्याला जगायला थोडी जागा राहिली असती. त्यानं हँडल घातलं आणि फिरवलं.

पहिल्याच फेऱ्याला रेडा फुरफुरला.

मागं पडवीत रतनबाई वाळू चाळत होती आणि धूळ वाऱ्याबरोबर ओढ्याकडे चालली होती. खाली पाहुणे वाट बघत होते, दीनानाथ हाका मारत होते. महिपती हँडल हातात धरून चिखलात खाली बसला.

"मुक्ते," तो म्हणाला, "ह्याला कायबी झालं न्हाई गं."