न पिकणारा बिंदू

दाब हा शब्द आमच्या घरात पत्रकांतून आला. बाबा आंब्याची बाग करायचे आणि चळवळीची पत्रकं काढायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्याच पत्रकांवर. दाब कुणीतरी वरून आणतो आणि आपण त्याच्याविरुद्ध उभं राहायचं, एवढं मला शाळेच्या आधीच पाठ होतं.

गेल्या उन्हाळ्यात बाबा बागेतल्या गडग्यावर आपटले. जांभ्याचा तो बांध त्यांनी स्वतः रचलेला. मी त्यांना रत्नागिरीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून डॉक्टरबाई म्हणाल्या, "काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढलाय."

"कोणी वाढवला?" मी विचारलं.

त्या हसल्या. डोळ्यात पाणी तयार होतं, त्याची निघायची वाट अडली की ते साचतं, म्हणाल्या. पडद्यावरचे तंतू मागे एकत्र येऊन त्यांची नस होते. दाबाने तेच तंतू मरतात. आधी कडेचं दिसेनासं होतं. गेलेलं परत येत नाही; उरलेलं राखायला रोज थेंब घालायचे.

एसटीत बाबा निर्धास्त. "बिंदूच ना? पिकू दे, मग काढू."

"तो मोतीबिंदू, बाबा. हा पिकत नाही."

"अगो, रायवळ काय नि हापूस काय, कोवळा काढलास तर वायाच."

मग त्यांनी समोरच्या दुकानाची पाटी मला घडाघडा वाचून दाखवली. इतकं स्वच्छ दिसणारा माणूस आंधळा होत चाललाय, हे मलाच पटेना.

घरी मी बाबांच्याच सवयीने पत्रक लिहायला बसले. 'च्या विरोधात' इथवर आले आणि अडले. कोणाच्या? डोळ्यातल्या पाण्याच्या? थेंबांची बाटली फडताळात न उघडता तशीच.

आठवड्याने बाबा घरापुढच्या खळ्यात आंबे निवडत होते. मी बाजूला उभी राहून त्यांच्या कानाशी एक आंबा धरला.

"समोर बघा. माझ्या हातात काय आहे?"

"कुठल्या हातात?"

मी हात पुढे आणत गेले. आंबा जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते म्हणाले, "हापूस." आणि मग हळूच, "इथेच होता?"

त्यांनी आंबा घेतला, हुंगला, पेंढ्यात ठेवला. मग खोक्यावर बसून मान मागे टाकली.

"घाल."

राग कोणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नव्हतं; फडताळातली बाटली आणली आणि जरा जोरातच दाबली. पहिला थेंब गालावर पडला.

"अगो, डोळा वर आहे," बाबा म्हणाले.