अमावस्येपर्यंत फोन उचलायचा नाही

चिमा माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल कोण काय बोलतं ते माझ्या कानावर येत नाही, असं कुणी समजू नये. म्हणून एकदाचं सांगून टाकते. पुन्हा कुणी पाणवठ्यावर मला गाठून "खरं काय गो ते?" असं विचारू नये.

आमची वाडी संगमेश्वरापासून एसटीनं पाऊण तासावर. घरं चाळीस आणि फोन एकच, तोही चिमाच्या घरात. माझ्या दिरानं, रावजीनं, पडवीत छोटं दुकान घातलं होतं, त्यासाठी त्यानं फोनला अर्ज केला होता. फोन आला अठ्ठ्याण्णव साली, तोवर रावजी जाऊन चार महिने झाले होते. चिमाला नंबर फिरवायलासुद्धा येत नव्हतं. महिन्याभरात सगळी वाडी तिच्यावर चालायला लागली. मुंबईतला आमचा प्रत्येक चाकरमानी आपला म्हणून तिचाच पीपी नंबर देऊन मोकळा! फोन यायचा, "येसूबाईला बोलवा, दहा मिनिटांनी परत करतो." की ही दारापुढच्या खळ्याच्या कडेला उभी राहून अशी हाळी द्यायची की पलीकडच्या वाडीतले कुत्रे भुंकायला लागायचे.

पण बाईला एक समज होती. वाईट बातमी ती कधी फोनवर ऐकू द्यायची नाही. आधी माणसाला पडवीत बसवायची, पाण्याचा तांब्या पुढं करायची, इकडचं तिकडचं बोलायची, मग हळूच सांगायची. त्यामुळं झालं काय, चिमानं सांगितलं की ते खरंच, असं वाडीनं धरूनच टाकलं. टीव्हीवर सांगितलेलं खोटं निघेल, चिमाचं नाही.

तिला मुलगा एकच, रघू. बावीस वर्षांचा, मुंबईत छापखान्यात कामाला. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. त्या वेळी ही न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून फोनजवळ बसायची. मी चिडवायची, "पोरगा फोनमधून बघतोय की काय गो तुला?" तर लाजायची मेली.

दोन हजार सालची गोष्ट. गणपती झाले, चाकरमानी परत गेले, पितृपक्ष लागला. त्या सोमवारी मुंबईहून कुणा भावकीतल्या बाईचा फोन आला. तिकडं म्हणे सगळीकडं बोलतायत, यंदाचा पितृपक्ष वाईट आहे, एकुलता एक मुलगा असलेल्या आईनं जपून राहावं. बस, एवढंच. चिमानं ते येसूबाईला सांगितलं, कारण येसूबाईलाही एकच. येसूबाई विहिरीवर गेली आणि दुपारपर्यंत वाडीतल्या सात एकुलत्यांच्या सात आया चिमाच्या पडवीत येऊन बसल्या.

मी तिथंच होते, पापड वाळत घालत. मला दोन मुलगे, मला कसली भीती! पण त्या बायकांची तोंडं बघवत नव्हती. येसूबाई तर रडायलाच लागली. "उपाय काय तो सांग गो चिमा. नुसतं जपा म्हणजे काय करू मी? पोरगा तिकडं, मी इकडं."

चिमाला कुणाचं रडणं बघवत नाही. ती म्हणाली, "पाच घरचे मूठ मूठ तांदूळ मागून आणा, पेज करा, तुळशीला दाखवा नि प्या. होईल सगळं नीट." हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. फोनवर पेजेचा 'प'सुद्धा नव्हता. तिच्या आईनं तिला लहानपणी गोवर आला तेव्हा असं काहीतरी केलं होतं, ते तिच्या तोंडात आलं. बायकांना जरा धीर आला. पण लगेच सगळ्यांना मुंबईला फोन लावायचा होता, पोरांना सांगायला. तेव्हा चिमा जरा वैतागून म्हणाली, "आता अमावस्येपर्यंत फोनबिन नको गो बायांनो. तुम्ही रडणार, पोरांच्या जिवाला तिकडं घोर लागणार. गप्प राहा."

मी माझ्या कानांनी ऐकलं हे. बरोबर बोलली, असंच वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी वाडीभर तांदळाची मागामाग. मीही सात जणींना मूठ मूठ दिले. बुधवारी मी देवरुखच्या बाजाराला गेले, तिथं माझ्या माहेरच्या दोघी भेटल्या, त्यांना मीही सांगितलंच की. हसत हसत सांगितलं, पण सांगितलं. आता कशाला लपवू?

शुक्रवारी खेडहून चिमाच्या बहिणीचा, आनंदीबाईचा फोन आला. मी मीठ घ्यायला दुकानात गेले होते. बोलता बोलता चिमाचा चेहरा पांढरा पडत गेला. फोन ठेवला आणि ती तिथंच खाली बसली.

"काय झालं?"

"खेडात सगळ्या करतायत वैनी. पाच घरची पेज. आणि तिकडं असं आहे, की अमावस्येपर्यंत आईनं फोनवर पोराचा आवाज ऐकायचा नाही. ऐकला की पोराला भोवतं. कुठं तरी कुणा बाईला अनुभव पण आलाय म्हणे."

मला हसूच फुटलं. "अगो बाय माझे, ते तूच बोललीस ना सोमवारी! पेजही तुझी आणि फोनचंही तुझंच. तुझंच उष्टं फिरून तुझ्या ताटात आलंय."

मला वाटलं ती पण हसेल. पण ती म्हणाली, "मी बोलले खरी. पण मला तरी कुठं ठाऊक होतं मी काय बोलत्ये ते? चार दिवसांत खेडला पोचलं. देवानंच वदवलं असेल माझ्या तोंडून."

मी चिडले. म्हटलं, "डोकं फिरलंय तुझं." ती म्हणाली, "तुम्हाला दोन आहेत वैनी. एक गेला तरी एक उरेल. तुम्हाला काय कळणार?"

हे मला लागलं. फार लागलं. मीठ तिथंच टाकून मी घरी आले आणि बोलणं बंद केलं.

रविवारी दहाला फोन वाजला. आमच्या दोघींच्या घरांमध्ये फक्त एक दगडी गडगा आहे, इकडचं शिंकलेलं तिकडं ऐकू जातं. मी चुलीपुढं होते. वाजला, वाजला, थांबला. परत वाजला. मी खिडकीतून पाहिलं तर चिमा खळ्यात तुळशीपुढं उभी, दोन्ही हात कानांवर. वाटलं, जावं, उचलावा, मला कसली बंदी? पण मनात म्हटलं, बसू दे. दोन मुलगेवालीला काय कळतं? आणि मी भाकऱ्या थापत राहिले.

फोन दिवसभर वाजत होता. सोमवारी सकाळीही वाजला. मग वाजायचाच थांबला. मला वाटलं, कंटाळले असतील. चिमानं वायर काढून ठेवली होती.

फोनशिवाय वाडी कशी असते, हे आम्ही दोन वर्षांत विसरलो होतो. कुणाची हाळी नाही, कुणी धावत येत नाही. सातही जणी आपापल्या दारात बसून बुधवारच्या अमावस्येची वाट बघत होत्या. रस्त्यावर एसटी थांबली तरी येसूबाई उठून आत जायची. मला दोन मुलगे, तरी मंगळवारी माझ्याही हातातून पाण्याची कळशी निसटली. उगाच. काही कारण नव्हतं.

बुधवारी, अमावस्येच्याच दिवशी, भर दुपारी पाणंदीतून एक मुलगा आला. बाबू. रघूच्या खोलीवर राहायचा, मूळचा केळशीचा. रात्रभर गाडीत उभा राहून आलेला, डोळे लाल. चिमा दारात तांदूळ निवडत होती. त्यानं विचारलं, "काकी, फोन बिघडलाय काय तुमचा?"

चिमानं त्याला बघितलं आणि सूप तिथंच टाकून आत पळाली. दार लावून घेतलं. आतून ओरडायला लागली, "सांगू नको! मी आवाज ऐकला नाही! मी फोन उचलला नाही रे!"

मी बाबूला माझ्या पडवीत बसवलं. पाण्याचा तांब्या पुढं केला. मग विचारलं.

रघूला शनिवारपासून ताप होता. रविवारी अंग फणफणत असताना तो खाली बूथवर गेला. आईला विचारायचं होतं, गावी येऊ का? तिनं ये म्हटलं असतं तर त्याच दिवशी गाडीनं निघणार होता. फोन कुणी उचलेना. परत वर जाऊन पडला. म्हणत राहिला, आये भातात गेली असेल, संध्याकाळी लागेल. संध्याकाळी बाबूनं लावला. सोमवारीही लावला. सोमवारी दुपारी रघू बरळायला लागला तेव्हा पोरांनी त्याला उचलून इस्पितळात नेलं. ताप मेंदूत गेला होता.

मी दारावर थापा मारल्या. "चिमे, उघड! जिवंत आहे तुझा पोरगा! उघड!" किती वेळानं उघडलं तिनं. मला म्हणाली, "मी सगळं पाळलं ना वैनी?"

आम्ही तिघं त्याच दिवशी रेल्वेनं निघालो. गाडीत मला सारखी ती रविवारची घंटा ऐकू येत होती आणि माझ्या हातातली भाकरी दिसत होती. त्या भाकरीसाठी मी स्वतःला आजवर माफ केलेलं नाही.

रघू शुद्धीवर आला होता. खाटेवर बसला होता, पार वाळलेला. चिमा त्याच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "रघू." तो नुसता बघत राहिला. ती परत म्हणाली, "रघू, बाळा, मी आले रे."

तो म्हणाला, "आये, मोठ्यानं बोल गो. ऐकू येत नाय."

ती मोठ्यानं बोलली. मग ओरडली. खळ्याच्या कडेला उभी राहून द्यायची तशी हाळी दिली तिनं, अख्ख्या वॉर्डात. नर्स धावत आली. रघू तिच्या ओठांकडं बघत होता. त्याचे दोन्ही कान गेले होते. डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी आणला असता तर कदाचित वाचलेही असते.

त्याला आम्ही गावी आणलं. तो आता दुकान बघतो, गिऱ्हाईक बोट दाखवतं तो डबा काढतो. पोरगा शहाणा, आईला एका शब्दानं बोलला नाही. तिनं वायर परत जोडली आणि पहिली घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलायला लागली. जेवणावरून उठते, उष्ट्या हातानं उचलते.

पुढच्या वर्षी पुन्हा पितृपक्ष आला. मी तिच्या पडवीत बसले होते. फोन वाजला, तिनं झडप घातली. लांज्याकडची कुणी बाई, येसूबाईची पाहुणी. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू येत होता. येसूबाईला निरोप द्या म्हणाली, यंदाही पाच घरची पेज करायची आणि पोराचा फोन उचलायचा नाही. "हसण्यावारी नेऊ नका हो. तुमच्या संगमेश्वराकडंच एका बाईनं गेल्या वर्षी उचलला, तर तिचा तरणाताठा पोरगा बहिरा झाला."

मी म्हटलं, ठेव तो. तिनं ठेवला नाही.

"उचलला नव्हता गो तिनं," ती हळू आवाजात म्हणाली. "उचलला नाही म्हणून झालं ते. मला ठाऊक आहे. ती बाई मीच."

पलीकडून खट्कन फोन ठेवल्याचा आवाज आला.

चिमा फोन हातात धरून उभी होती. रघू दुकानातून तिच्याकडं बघत होता.

"वैनी," ती म्हणाली, "घाबरली गो ती. माझा आवाज ऐकून घाबरली."