मोज्याचं पांघरूण

डागमावशीला घाणीची किळस कधी आली नाही. माणसांची मात्र यायची, आणि तीही दिवसातून निदान चार वेळा.

आता जिचा धंदाच घाणीचा, तिला घाणीची कसली किळस! लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं आणि सव्वीस वर्षं ती तिथे एकच काम करत आली होती: डाग कशाचा ते ओळखायचं आणि काढायचा. ओळखायचा कसा? तर नाकाने. डागावर कोमट पाण्याचे दोन थेंब सोडायचे, अंगठ्याने चोळायचं आणि नाक थेट त्यात खुपसायचं. दुधाचा वास वेगळा, अंड्याचा वेगळा, रक्ताचा वेगळा. गिऱ्हाईक म्हणायचं, "काही नाही हो, चहा सांडला." नाक म्हणायचं, कसला चहा, हा साहेब काल रात्री स्वतःच्याच शर्टावर ओकलाय. "डाग देतात तो देतात, वर थापाही देतात मेले," असं म्हणून ती शर्ट बादलीत भिरकावायची. डाग जायचा. थापेची शिसारी संध्याकाळपर्यंत जायची नाही.

समोरच्या टेबलावर इस्त्रीवाले. त्यांना सगळे इस्त्रीवालेच म्हणत, बहुधा त्यांची बायकोसुद्धा. हा माणूस म्हणजे सोवळ्याचा अर्क. खिशात कायम दोन रुमाल, एक घामाला आणि एक नाकाला. ताटात केस दिसला की जेवण टाकून उठणार, वर दोन दिवस त्याची गोष्ट सांगणार. धुलाई मशीनच्या तळाशी एक जाळी असते. कपड्यांतले केस, धागे, तुटकी बटणं, साबणाचा काळा राडा, सगळं तिच्यात अडकतं. ती जाळी साफ करायला त्यांनी जन्मात एकदाच हात घातला आणि तिथेच ओकले. तेव्हापासून जाळी मावशीची. ती रजेवर असली तर जाळी तशीच तुंबून राहायची, पण दुसरं कुणी तिला शिवायचं नाही.

अशा या दोघांच्या मध्ये सोळा वर्षं मोज्या झोपला.

एका खाणावळीतून धुवायला आलेल्या पडद्यांच्या गाठोड्यात तो निघाला होता, मुठीएवढं कुत्र्याचं पिल्लू. सगळं अंग मातकट आणि एकच पाय पांढरा. "जोडीतला दुसरा हरवला वाटतं याचा," मावशी म्हणाली आणि त्याचं नाव मोज्या पडलं. रात्री तो तिच्या घरी जायचा, सकाळी तिच्यामागून दुकानात यायचा आणि नेमका इस्त्रीच्या टेबलाखाली पसरायचा, कारण तिथे ऊब होती.

"हाकला हो त्याला!" इस्त्रीवाले म्हणायचे.

"तुम्हीच हाकला."

"मी? हात लावू त्या जनावराला? शी!"

हे भांडण सोळा वर्षं चाललं आणि तेवढी वर्षं मोज्या जागचा हलला नाही. शेवटच्या वर्षी त्याचे डोळे गेले, मूत्रपिंडं थकली, झोपेतच शू व्हायची त्याला. इस्त्रीवाले एका हाताने नाकाला रुमाल लावायचे आणि बुटाच्या टोकाने त्याच्याखाली जुनं वर्तमानपत्र सरकवायचे. "शी, शी, शी," करत. वर्तमानपत्रं रोज घरून आणायचे. त्यांच्या घरी वर्तमानपत्र येत नव्हतं. ते शेजाऱ्यांकडून मागून आणायचे, हे मावशीला पुष्कळ उशिरा कळलं.

बुधवारी पहाटे मोज्या तिच्या घरी, आपल्या पांघरुणावरच गेला. मावशीने आणि मुलाने मिळून मागच्या मोकळ्या जागेत खड्डा केला. माती लोटून, हात धुऊन ती घरात येते तो काय, सुनेने फरशी दोनदा फिनेलने पुसून काढलेली. वाटी गेली, पट्टा गेला, सगळं कचऱ्याच्या गाडीत.

"आई, घर कसं मोकळं मोकळं वाटतंय ना आता?" सून म्हणाली. वाईट नव्हती हो पोरगी. सासूचं दुःख एका बादलीत आटोपावं एवढाच तिचा हेतू. पण मावशी तशीच दाराकडे वळली. कचऱ्याची एक काळी पिशवी दाराशी राहिली होती. तिच्यात पांघरूण होतं. मावशीने ते उपसून काढलं, पोटाशी धरलं आणि तडक दुकान गाठलं.

त्या पांघरुणाला जो वास होता, तो सांगून कुणाला पटायचा नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचे कान, औषधाच्या गोळ्या, मुतलेलं, त्यावर पुन्हा मुतलेलं, ओलं गोणपाट, आणि कुठेतरी तळाशी बिस्किटाचा चुरा. दुसऱ्या कुणाला भोवळ आली असती. मावशीने डोळे मिटून एकदा हुंगलं आणि मोज्या खोलीत आला. बस, आता त्याचं एवढंच उरलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वास उडतो हेही ठाऊक होतं, तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून तिने पांघरूण प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिला गाठ मारली आणि मागच्या खोलीतल्या वरच्या फळीवर ठेवलं. दुपारी सगळे जेवायला बसले की गाठ सोडायची, एक श्वास घ्यायचा, पुन्हा गाठ. दुसरा श्वास उद्याचा.

पिशवीला तिने चिठ्ठी लावली नाही. लॉन्ड्रीत कपड्याला नंबराची चिठ्ठी लागली की तो धुवायला जाणार, हे ठरलेलं. तिला तर धुवायचंच नव्हतं.

शुक्रवारी आणि शनिवारी सुनेने तिला बळजबरीने घरी बसवलं, कारण समाचाराला माणसं यायची होती. आली की! विहीणबाई आल्या. "सुटला बिचारा," म्हणाल्या, आणि नाकाशी पदर नेत, "तुम्हीही सुटलात हो त्या घाणीतून." नणंदेने फोनवर पिल्लांचे फोटो दाखवले. "हे बघ वहिनी, कसं गोजिरवाणं आहे! आणि याला ट्रेनिंग दिलेलं असतं, घरात करत नाही." वरच्या मजल्यावरचे गृहस्थ तर अर्धा तास आपल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनचीच कथा सांगत बसले, बशीभर बिस्किटं फस्त केली आणि उठताना म्हणाले, "शेवटी कुत्रंच ना, मनाला लावून घ्यायचं नाही." सगळ्यांना अत्तरांचा नाहीतर पावडरचा घमघमाट. मावशीला वाटलं, या एकेकाला मशीनमध्ये घालावं आणि वरून झाकण लावावं. तिने तसं केलं नाही, चहा केला. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, दुसरं काय!

रविवारी दुकान बंद. सोमवारी ती घाईघाईने आली, तीन दिवसांचा श्वास साठवून. तिच्या टेबलावर गुलाबी कागदात बांधलेलं एक पार्सल होतं, वर दोरीचं फूल. बाजूला इस्त्रीवाले उभे, लग्नातल्या यजमानासारखे.

"उघडा, बाई, उघडा की!"

तिने उघडलं. आत निळं पांघरूण होतं, आकाशासारखं निळं, चार घड्या, कडक इस्त्री. क्षणभर तिला कळलंच नाही की हे कुणाचं. मोज्याचं पांघरूण कधीकाळी निळं होतं हे ती विसरूनच गेली होती.

"चिठ्ठी नव्हती," इस्त्रीवाले सांगू लागले, आणि त्यांच्या आवाजात काय अभिमान! "पण मी ओळखलं. म्हटलं, बाईंनी धुवायला आणलं असणार, पण हात धजत नसेल. शनिवारचं शेवटचं मशीन खास यासाठी लावलं. तीनदा खळबळलं. एक डाग काही हटेना, तेव्हा तुमच्या बाटलीतलं औषध लावलं. मी स्वतः. या हातांनी घासलं. आता डाग दाखवा एक!"

मावशीने नाक पांघरुणात खुपसलं. फुलं. घडी मोडली, आत हुंगलं. फुलं. चारी कोपरे हुंगले, शिवण हुंगली, सव्वीस वर्षांच्या नाकाने कुठे कुठे शोधलं. फुलं, फुलं, मेली फुलं!

"शी!" ती ओरडली. "काय केलंत हे? किळस येते मला तुमच्या या हातांची! तुम्हीही त्यांच्यातलेच. सगळ्यांना नुसतं धुऊन टाकायचंय. जिवंत होता तेव्हा शी, मेला तर शी. तेवढंच उरलं होतं हो माझ्याकडे त्याचं, तेवढंच!"

इस्त्रीवाल्यांचा चेहरा पडला. त्यांनी बोट वर केलं आणि भिंतीकडे दाखवलं. "पण बाई... तुमचाच नियम."

भिंतीवर पुठ्ठा होता, मावशीच्याच अक्षरातला: 'बिनचिठ्ठीचं जे सापडेल ते शनिवारी धुवावं.' एकदा कुणाचा तरी बेवारस कोट कोपऱ्यात कुजला होता, तेव्हा तिनेच आरडाओरडा करून हा नियम लावला होता. चिठ्ठी लावली तर धुतील म्हणून लावली नाही, आणि लावली नाही म्हणून धुतलं. सव्वीस वर्षांची ही अक्कल! तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने पांघरूण त्यांच्या अंगावर फेकलं आणि पाठ फिरवून टेबलाशी बसली.

समोर कुणाची तरी कॉलर होती. तिने ती हुंगली. काहीच कळेना. रडून नाक बंद झालं होतं.

मागे इस्त्री थंड पडली. इस्त्रीवाले कुठेतरी निघून गेले होते. जाऊ देत, रुसू देत, तिने मनात म्हटलं. थोड्या वेळाने मशीनच्या खोलीतून आवाज आला, कुणीतरी ओकत होतं. मग पाणी पडल्याचा आवाज. मग पुन्हा ओकणं, पोटातून पिळवटून आल्यासारखं. मावशी उठली नाही. ओकू दे मेल्याला!

पावलं वाजली. इस्त्रीवाले तिच्यासमोर येऊन उभे राहिले. बाह्या कोपराच्या वर, दोन्ही हात काळेकुट्ट, तोंड पांढरंफटक, डोळ्यांत पाणी. रुमाल एकही नव्हता. ओंजळीत ओल्या, मातकट केसांचा एक गोळा होता, आणि त्यातून काळा राडा त्यांच्या बुटांवर ठिबकत होता.

"तुम्ही रजेवर होता," ते म्हणाले, "तेव्हा जाळी कुणी साफ केली नव्हती. त्याचंच मशीन शेवटचं होतं ना." त्यांना पुन्हा उमासा आला, तो त्यांनी गिळला. "धागे वेचून काढले मी. धुतलं मात्र नाही हं. जसंच्या तसं आणलंय. आणि हे पांढरे वेगळे ठेवलेत. पुढच्या डाव्या पायाचे."

सोळा वर्षांत या माणसाने कुत्र्याकडे कधी धड बघितलं नव्हतं, असं तिला वाटत होतं. पांढरा पाय पुढचा डावा, हे तिने कुणाला सांगितल्याचं तिला आठवेना.

तिने पदराला खसकन नाक शिंकरलं आणि चेहरा त्या गोळ्यापाशी नेला. आधी साबण आला. मग गटार. ती थांबली, डागाशी थांबायची तशी, आणि पुन्हा खोल श्वास घेतला.

"येतोय का?" इस्त्रीवाल्यांनी विचारलं. त्यांनी स्वतःचा श्वास कधीचा रोखून धरला होता.

"शी!" मावशी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "काय घाण वास येतोय हो!"

तिने गोळा अलगद उचलून टेबलावरच्या एका रिकाम्या बरणीत ठेवला, पांढरे केस वर ठेवले आणि झाकण घट्ट लावलं. इस्त्रीवाल्यांनी चिठ्ठी काढली आणि काळ्या बोटांनीच तिच्यावर लिहिलं, 'धुवू नये.' मग ते दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे राहिले, शेण लागलेल्या पोरासारखे.

"आता हात धुऊ का, बाई?"

"थांबा जरा," मावशी म्हणाली. तिने त्यांचे दोन्ही हात ओढून घेतले आणि त्यांत नाक खुपसलं.