सहादेवनानांचा उतार

काष्टीच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठी आमचं गाव. पलीकडे दौंड तालुका. पुलावरून जायचं तर चौदा किलोमीटरचा वळसा पडतो, म्हणून पाणी ओसरलं की माणसं, जनावरं, बैलगाड्या सगळं पात्रातूनच जायचं. अशी उथळ वाट असते तिला आम्ही उतार म्हणतो. तो उतार कुठं आहे हे सांगायचं काम सहादेवनानांचं. कुणी नेमलं नव्हतं त्यांना. चार एकर ऊस होता, मुलगा अमृत तो बघायचा, आणि नाना नदीवर असायचे.

हे त्यांना वडिलांकडून आलं. बहात्तरच्या दुष्काळात पात्र कोरडं ठणठणीत पडलं, तेव्हा वडिलांनी वाळूत नेमक्या जागी झिरे उकरून गावाला पाणी दिलं. नाना तेव्हा आठ वर्षांचे होते, उकरलेली वाळू पाटीनं बाजूला टाकत होते. टिटवी अंडी कुठं घालते, वाम मासा कोणत्या कपारीत दडतो, हे त्यांना तेव्हापासून ठाऊक. दरवर्षी पावसाळा सरला की काठीनं तळ चाचपत ते उतार ठरवायचे. पूर कितीही मोठा येवो, वाट दहा-वीस हात सरकायची, एवढंच.

पुढं वाळूच्या बोटी आल्या. पाण्यात पाइप सोडून तळाची वाळू ओढून घ्यायच्या. दिवसा त्या जलपर्णीच्या आड उभ्या असत. काठावरच्या करंजांची मुळं उघडी पडली, टिटव्या गेल्या. नानांनी तलाठ्याला सांगितलं, ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. गावातल्याच तिघांचे डंपर त्यावर चालत होते, त्यामुळं पुढं कुणी काही बोललं नाही. नाना मग दर दोन-तीन दिवसांनी उतार तपासू लागले.

तीन वर्षांपूर्वी, ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असताना, पाथर्डीकडचा अंगद बैलांची टायरगाडी घेऊन त्यांच्या दारात आला. बरोबर बायको रेश्मा होती. पलीकडच्या शेतात तोड लागली होती आणि मुकादमानं त्यांना नानांचं नाव सांगितलं होतं. दोनच दिवसांपूर्वी नाना त्या उतारावरून जाऊन आले होते. काठी घेऊन ते पुढं झाले. त्यांच्यामागं रेश्मा चालत होती, आणि शेवटी गाडी.

पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं. नाना निम्म्याच्या पुढं गेले, रेश्माही गेली. आणि मागं डावा बैल एकाएकी खाली गेला. नानांच्या वाटेपासून जेमतेम दोन हातांवर तळच नव्हता. जू तिरकं झालं, गाडी कलंडली, उजवा बैलही ओढला जाऊ लागला. अंगदनं कोयत्यानं उजव्याची जुपणी, जुवाला बांधलेली मानेची दोरी, तोडली, तो धडपडत वर आला. डाव्याच्या मानेपर्यंत हात पोचेना. नानांनी पाण्यात उडी घेतली, शिंग धरलं, दोनदा त्याचं तोंड पाण्यावर काढलं. तिसऱ्यांदा शिंग हातातून सुटलं.

काठावर माणसं जमली. रेश्मा वाहून चाललेली गोधडी बघत उभी होती. नाना अंगदपाशी गेले.

"परवा हितं वाळू हुती," ते म्हणाले.

अंगद ओल्या कपड्यांनीच बसला होता. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"तुमी दावलं तसंच आलो आमी, नाना," तो म्हणाला.

पंचनाम्यात नैसर्गिक डोह असं लिहिलं गेलं. डोह नव्हता, परवा तिथं वाळू होती, असं नाना पुनःपुन्हा सांगत राहिले. लिहिणाऱ्यानं विचारलं, वाळू कुणी नेली ते तुम्ही पाहिलं का. पाहिलं नव्हतं. पंचनाम्यावर त्यांचा अंगठा घेतला. अंगदला मुकादमानं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमागं तोडीला लावलं, उरलेला बैल काष्टीच्या बाजारात गेला.

महिनाभर नाना पात्रात बांबू रोवत होते. खड्डा दिसला की बांबू आणि त्याला लाल चिंधी. पण सकाळी जावं तर कुठं बांबू वाहून गेलेला, कुठं उभ्या असलेल्या बांबूच्या अलीकडंच नवा खड्डा. अमृतनं त्यांना हात धरून घरी आणलं. तुमी स्वतःच बुडाल एक दिवस, म्हणाला. बांबूंची मोळी नानांनी गोठ्यात टाकली.

यंदा दिवाळीनंतर चार बैलगाड्या दारात येऊन थांबल्या. नवीच माणसं होती, उतार विचारत होती. नाना आतल्या खोलीत खाटेवर बसले होते. त्यांची बायको भीमाबाई आत आल्या, त्यांच्याकडं बघत उभ्या राहिल्या. नानांनी नकाराची मान हलवली.

"घरात न्हाईत," भीमाबाईंनी बाहेर जाऊन सांगितलं. "तुमी पुलावरनंच जावा."

गाडीवाले थोडा वेळ घुटमळले. त्यांच्यातला एक काठापर्यंत जाऊन पाणी बघून आला. गाड्यांपाशी कुणीतरी म्हणालं की पाणी तर उथळ दिसतंय. नाना खाटेवरून उठले, आतल्या खोलीच्या दारापर्यंत आले आणि तिथंच थांबले. उथळ आहे म्हणावं की खोल, हे त्यांना आता माहीत नव्हतं.

शेवटी गाड्या वळल्या. चाकांचा आवाज डांबरी रस्त्याला लागेपर्यंत नाना चौकटीला हात टेकून उभे होते.